साडेसात मिलीलीटरमधल्या दोन

कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल घेऊन येणारी माणसं सहसा कागद माझ्यासमोर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. शेटनी कागद सोडला नाही. शेवटचं पान उघडून त्यांनी ते टेबलावर सपाट केलं, शर्टाच्या खिशातून सोनार डोळ्याला लावतात ते भिंग काढलं आणि म्हणाले, "बाय, यातली रोगाची कुठची ती मला दाखव. मग बाकीचं बोलू."

मागे त्यांची बायको उभी होती. बसा म्हटलं तरी बसत नव्हती. थोरला मुलगा दाराशी, कानाला फोन लावून. फोनवर धाकटा, तो दुबईला असतो.

शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पेडणे-डिचोलीकडची माणसं सकाळी उपाशीपोटी रक्त देतात, बाजार करतात आणि दुपारी मिरसांगेची नाहीतर सुक्या मासळीची पिशवी घेऊन रिपोर्ट न्यायला येतात. काम साधंच: साखर, थायरॉइड, लघवी, पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे म्हणून गाठीची सुईतपासणी, पॅप स्मिअर, छोट्या बायोप्सी बघते. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी मोजायची सोय माझ्याकडे नाही. शेटच्या हातातला अहवाल परराज्यातल्या एका लॅबमधून आलेला होता आणि तो मागवताना कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

शेट म्हणजे म्हापशातले जुने सोनार. माझ्या आजीच्या पाटल्या त्यांच्या वडिलांनी घडवल्या, माझं मंगळसूत्र त्यांनी. उभा जन्म शेगडीसमोर बसून, फुंकणीने ज्योत वळवत, दागिन्याला डाख लावण्यात गेला. त्यामुळे फुप्फुसात कॅन्सर निघाला तेव्हा घरच्यांनी सगळा दोष फुंकणीवर ढकलला. विडी-सिगारेटला कधी शिवले नाहीत, मग दुसरं काय असणार? एका माणसाच्या बाबतीत असं बोट ठेवून सांगता येत नाही. आपल्याकडे हा रोग झालेल्यांत कधीच धूम्रपान न केलेल्यांचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे, एवढं मी सांगते. लोकांना ते पुरत नाही.

रोग सापडला तो योगायोगाने. हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली. सीटी झाला, सुईने तुकडा घेतला: ॲडेनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार. उजवा वरचा खंड काढून टाकला. गाठ २.६ सेंटीमीटरची, कडा स्वच्छ, फुप्फुसावरच्या आवरणाला धक्का नाही, काढलेल्या एकाही लसिकाग्रंथीत रोग नाही. टप्पा आयए-३, म्हणजे पहिल्यातलाच. या टप्प्यावर ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक पाच वर्षांनी हयात असतात. केमो नको, गोळी नको, पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, असं त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं. इतकं सोपं सुटल्यावर घरात आनंद व्हायला हवा होता. पण औषधच दिलं नाही म्हणजे काहीतरी राहून गेलं, अशी शंका आपल्या लोकांना फार लवकर येते. धाकट्याला ती दुबईत आली. त्याने इंटरनेटवर वाचलं, पैसे भरले, एक मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला.

आणि हा अहवाल. पहिल्या पानावर लाल ठशात 'पॉझिटिव्ह'. खाली: ७.५ मिलीलीटर रक्तात २ पेशी. तळाला बारीक अक्षरांत 'रुग्णाच्या स्थितीशी ताडून पाहावे'. हे वाक्य मीही दिवसातून कितीतरी वेळा लिहिते. त्याचा खरा अर्थ, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

"रक्तात गेला ना गं तो?" शेटीणमामींनी विचारलं. "आता ब्लड कॅन्सर म्हणायचा?"

हा गैरसमज आधी मोडला. रक्ताचा कॅन्सर हा रक्तपेशींचाच रोग. इथे प्रश्न फुप्फुसातल्या गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशींचा आहे, आणि अशा पेशी सुटतात हे काही आजचं कळलेलं नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने कर्करोगाने गेलेल्या एका माणसाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. तेव्हापासून हे माहीत आहे. त्या मोजता येण्याजोग्या पकडायला मात्र त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लागली.

शेट एव्हाना भिंग लावून पानावर वाकले होते. "नुसते ठिपके दिसतात," म्हणाले. दिसणारच. छापील फोटो भिंगातून पाहिला की शाईचे ठिपके मोठे होतात, पेशी नव्हे. मी मुलाकडून अहवालाची फाइल मागवून घेतली, मॉनिटरवर उघडली आणि तेच पान मोठं केलं. बाहेर बाजाराची माणसं खोळंबली होती. माझ्या असिस्टंटने दोनदा डोकावून पाहिलं. मी तिला म्हटलं, बारा वाजेपर्यंतचे साखरेचे रिपोर्ट तू दे, सही मी मागून करते.

पानावर दोन ओळी होत्या, एका पेशीची एक. प्रत्येक ओळीत चार चौकटी: एकीत पेशीचं केंद्रक, दुसरीत केराटिन हे प्रथिन, तिसरीत पांढऱ्या पेशींची खूण, चौथीत सगळं एकत्र. रीत मी शेटना सांगितली. फुप्फुस, आतडं यांच्या अस्तराच्या बऱ्याच पेशींच्या अंगावर एपकॅम नावाचं प्रथिन असतं, रक्तपेशींच्या अंगावर ते नसतं. लोहाच्या अतिसूक्ष्म कणांना एपकॅमला चिकटणारी प्रतिपिंडं लावायची, ते कण रक्तात सोडायचे आणि चुंबकाने ओढून घ्यायचे. ओढून आलेल्यांतही पुष्कळ पांढऱ्या पेशी असतात. म्हणून मग रंग लावून बघायचं: केंद्रक आहे, केराटिन आहे आणि पांढऱ्या पेशीची खूण नाही, तीच आपली. यंत्र फोटो काढून समोर ठेवतं. यातली धरायची कुठली आणि सोडायची कुठली हे शेवटी माणूस ठरवतो.

"किती रक्तातून दोन?"

साडेसात मिलीलीटर, म्हणजे दीड चमचा. त्यात लाल पेशी सुमारे ३,७५० कोटी. पांढऱ्या धरा पाचेक कोटी.

शेट खुर्चीत मागे टेकले. बऱ्याच वेळाने पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "अगो, हे झारेकऱ्याचं काम," म्हणाले. त्यांच्या लहानपणी झारेकरी यायचा, दुकानातली झाडणी आणि शेगडीतली राख विकत न्यायचा, पाण्यात धुऊन धुऊन त्यातून सोन्याचे कण काढायचा. "पण बाय, झाडणीत कण मिळाला म्हणून माझ्या बापाने कधी दागिना मोडला नाही. आधी बघायचं, कण कुठचा. आज घडवला त्याचा, की कानशीच्या भुशातला, की गिऱ्हाइकाच्या जुन्या बांगडीचा?"

माझ्या मनातही नेमकं तेच चाललं होतं, कारण दुसऱ्या पेशीने मला थांबवलं होतं.

पहिली ठीक होती. केंद्रक मोठं, गोल, भोवती केराटिनचं कडं, तिसरी चौकट काळी. एवढ्या लहान फोटोवरून मी छातीठोक काही म्हणणार नाही, पण कोणी मला ती कर्कपेशी आहे म्हणून दाखवली असती तर मी वाद घातला नसता. दुसरी निराळी होती. पसरट, कोनेदार, केराटिन भडक आणि केंद्रक इवलंसं, एका बाजूला. मी रोज पॅप स्मिअर बघते. पसरलेली, सपाट पेशी डोळ्यांत बसलेली आहे. मला ती कातडीची वाटली.

"रक्त घेतलं तेव्हा नळ्या किती भरल्या?" मी विचारलं.

"एकच," मामी म्हणाल्या. "सुई टोचली आणि थेट त्या नळीत. चांगला होता मुलगा, दुखलं नाही म्हणाले हे."

दुखलं नसेल. पण सुई आत जाताना कातडीच्या पेशींची बारीक चकती सोबत घेऊन जाते. साखर-क्रिएटिनिनला त्याने काही फरक पडत नाही. कोट्यवधींतून एकदोन पेशी शोधायच्या असतील तेव्हा पडतो. म्हणून या तपासणीत पहिलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत घ्यायचं आणि मग खास नळी लावायची, अशी पद्धत आहे. घरोघर फिरून रक्त घेणाऱ्या त्या मुलाला हे कोणी शिकवलं नसेल, तर त्याला काय बोलणार?

फोन स्पीकरवर आला. धाकटा हुशार आहे, वाचून बसलेला. त्याचा पहिला प्रश्न रास्त होता: समजा एक कातडीची असली, दुसरी तर खरी आहे ना? मग केमो का सुरू करत नाही?

मी त्याला टोलवलं नाही. दोन पेशी म्हणजे काहीच नाही, असं म्हणता येत नाही. याच चुंबकाच्या पद्धतीवरच्या २००४ सालच्या मोठ्या अभ्यासात निरोगी आणि कर्करोगाव्यतिरिक्त इतर आजार असलेल्या मिळून ३४४ जणांचं रक्त तपासलं होतं; दोन किंवा जास्त पेशी त्यांतल्या एकाच माणसात सापडल्या. त्याच साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तपासणीला मान्यता दिली, पण ती शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी. पुढे पसरलेल्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या रोगाची भर पडली. किती पेशींपासून धोका जास्त धरायचा, त्या रेघाही तिथे ठरल्या आहेत: स्तन आणि प्रोस्टेटला पाच, आतड्याला तीन. काढून टाकलेल्या, पहिल्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या गाठीला रेघ नाही. 'पॉझिटिव्ह' हा लाल शब्द कुठल्या रेघेवरून लिहिला, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. मला राग आला तो या गोष्टीचा. पेशी सापडली, लिहा. फोटो द्या, उत्तम. लाल शाई कशाला?

त्यांच्यासमोरच मी शेटच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला. दुपारची ओपीडी चालू होती त्यांची.

"ही तपासणी कोणी सांगितली?"

"मुलाने."

"मग मुलालाच विचारा आता काय करायचं," असं म्हणून ते हसले, पण लगेच गंभीर झाले. माणूस भला आहे. मी दोन पेशींचं सांगितलं, दुसरीबद्दलची शंका सांगितली. तरीही दोन ही संख्या मला अस्वस्थ करते, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मान्य. धोका थोडा जास्त धरू. पुढे? औषध कुठलं देऊ? किती महिने? आणि उपयोग झाला की नाही हे कशावरून ठरवू, परत पेशी मोजून?"

हाच खरा पेच आहे, आणि तो अहवालात कधी छापून येत नाही. ऑपरेशननंतरच्या सिस्प्लॅटिन केमोचे पाच मोठे प्रयोग, ४,५८४ रुग्ण, एकत्र करून २००८ साली हिशेब मांडला गेला. पाच वर्षांनी जगणाऱ्यांत वाढ झाली ५.४ टक्क्यांची, तीही प्रामुख्याने दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात. आयए टप्प्यात फायदा दिसला नाही. कल उलट नुकसानीकडे होता. ओसिमर्टिनिबची गोळी ईजीएफआर जनुकातला बदल असलेल्यांना ऑपरेशननंतर खरोखर उपयोगी पडते, पाच वर्षांनी ८८ विरुद्ध ७८ टक्के हयात, इतका फरक. पण तो प्रयोग आयबीपासून पुढच्या टप्प्यांवर झाला. शेट त्याच्या एक पायरी खाली.

आणि पेशी पाहून औषध बदलल्याने माणूस जास्त जगतो का, हे स्तनाच्या पसरलेल्या रोगात अमेरिकेत तपासून झालं आहे. केमोच्या पहिल्या फेरीनंतरही ज्यांच्या पेशी पाचच्या खाली आल्या नाहीत त्यांच्यापैकी काहींची केमो लगेच बदलली, काहींची तीच ठेवली. २०१४ साली निकाल आला. ज्यांच्या पेशी जास्त, त्यांचं आयुष्य कमी, हे भाकीत पुरेपूर खरं ठरलं. केमो बदलल्याने मात्र काही फरक पडला नाही. मी हे धाकट्याला सांगितलं तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे कळून उपयोग नाही?"

मी म्हटलं, आज, तुझ्या बाबांना, त्यांच्या टप्प्यावर, या कळण्यावर करण्यासारखं काही नाही. उद्याचं मला माहीत नाही. आणि हे मी त्याला गप्प करायला म्हटलं नाही. या विषयाची मला भुरळ आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१९ साली जे छापलं ते वाचून मी रात्री जागत बसले होते. त्यांनी ऑपरेशन चालू असताना, फुप्फुसातून हृदयाकडे जाणाऱ्या शिरेतूनच रक्त घेतलं. शंभर रुग्णांपैकी ४८ जणांत पेशी सापडल्या आणि ज्यांच्यात त्या जास्त, त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यांतल्या एका रुग्णाचा रोग दहा महिन्यांनी दुसरीकडे उगवला. ऑपरेशनच्या दिवशी शिरेत पकडलेल्या एकेका पेशीचे जनुकीय बदल त्या नव्या गाठीशी ९१ टक्के जुळले, आणि काढून टाकलेल्या मूळ गाठीशी ७९ टक्केच. म्हणजे पुढे जी गाठ होणार होती तिच्याच जातीच्या पेशी त्या दिवशी नळीत होत्या. सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारखीला याहून थरारक काही वाचायला मिळणार नाही.

पण ते रक्त फुप्फुसाच्या शिरेतलं. शेटचं दंडातलं. मधल्या वाटेवर डावं हृदय, धमन्या आणि शरीरभरच्या केशवाहिन्या आहेत. तिथे बहुतेक पेशी अडकतात, मरतात. रक्तात त्या टिकतातच मुळी काही तास. इसाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या शिरेत कर्कपेशी सोडून त्यांचा माग काढला, तेव्हा हजारात एकीचीसुद्धा गाठ झाली नव्हती. शेटनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती एक कोण, ते फोटोवरून कळत नाही?"

नाही कळत.

"मग नको लावू भिंग," असं म्हणून त्यांनी स्वतःचंच भिंग खिशात टाकलं.

मामींचं समाधान एवढ्याने होणार नव्हतं. त्यांनी बोडगेश्वराला सांगणं करून ठेवलं होतं, आता ते फेडायचं की अजून वाट बघायची, हा त्यांचा प्रश्न. थोरल्याला गिऱ्हाईक सोडून आल्याची घाई. सगळ्यांचं मिळून ठरलं ते असं की काही आठवड्यांनी रक्त पुन्हा द्यायचं, या वेळी माझ्याकडे. मी तसं सुचवलं नव्हतं, पण अडवलंही नाही. एक शंकास्पद फोटो घेऊन हे घर सहा महिने झोपलं नसतं.

रक्त पुन्हा घेतलं त्या दिवशी पावसाने झोडपलं होतं. आधी नेहमीच्या नळीत साखर आणि क्रिएटिनिनचं रक्त घेतलं, मग तीच सुई ठेवून खास नळी लावली. त्या नळीत पेशी जपणारं रसायन असतं; भरली की हळूच उलटीसुलटी करायची, हलवायची नाही, आणि फ्रिजमध्ये तर अजिबात ठेवायची नाही. हे शेवटचं मी डब्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. रक्ताचा डबा दिसला की कुरिअरवाले प्रेमाने बर्फ घालतात. नळीला ९६ तासांची मुदत होती, ती पाळली गेली.

निकाल शून्य आला. हिरव्या शाईत 'निगेटिव्ह'.

मामी पेढे घेऊन आल्या. थोरला म्हणाला, आता सीटीचा खर्च वाचला. आणि मला पॉझिटिव्ह समजावून सांगताना पडला नव्हता इतका त्रास हे शून्य समजावताना झाला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या रोगात दंडाच्या रक्तात शून्य येणं हेच नेहमीचं. ज्यांचा रोग पुढे परततो अशा पुष्कळांचंही शून्यच येतं. काही कर्कपेशी हिंडायला निघताना अंगावरचं एपकॅम टाकून देतात, मग चुंबकाला त्या लागतच नाहीत. पहिल्या वेळची पेशी खरी होती की नव्हती, हे या शून्याने ठरत नाही. आनंदी माणसाला हे कसं सांगायचं? पेढा हातात धरून मी सांगितलं. थोरल्याचा चेहरा पडला. मामी म्हणाल्या, "तू खा आधी."

धाकट्याने मग डीएनएचं काढलं. पेशी नकोत, रक्तातले गाठीच्या डीएनएचे तुकडे मोजू. त्यातही दम आहे. २०१७ साली ब्रिटनच्याच संशोधकांनी दाखवलं की असे तुकडे सीटीच्या साधारण ७० दिवस आधी रोग परतल्याची खबर देऊ शकतात. पण त्याच अभ्यासात, ऑपरेशनआधी गाठ शरीरात शाबूत असताना, हे तुकडे स्क्वॅमस प्रकारात ९७ टक्के रुग्णांत सापडले आणि ॲडेनोकार्सिनोमात फक्त १९ टक्क्यांत. शेटचा ॲडेनो. तंत्र त्यानंतर पुष्कळ सुधारलं आहे, हेही मी त्याला सांगितलं. तेव्हा तो चिडला. म्हणाला, तुम्ही प्रत्येक गोष्टीला 'पण' लावता. खरं आहे, लावते.

शेट यातल्या कशातच पडले नाहीत. त्यांनी सीटीची तारीख विचारली. ती गणेशचवथीच्या आठवड्यात येत होती. मामींना सण झाल्यावर हवा होता. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, असं कर्करोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर तसा तो ठरला. गणपतीवर टांगतात ती फळंभाज्यांची माटोळी बांधायला दरवर्षी शेट शिडीवर चढायचे. यंदा खाली उभे राहून 'तो नारळ डावीकडे, ती काकडी वर' असं सांगत होते, आणि सगळे वैतागले होते म्हणे.

धाकटा चवथीला आला. सण झाल्यावर थांबून सीटीला बरोबर गेला. सीटीत नवीन काही नाही. ऑपरेशनच्या जागी व्रण आणि उरलेलं फुप्फुस छान पसरलेलं. दुसऱ्या सकाळी तो माझ्याकडे आला. मला वाटलं, तिसऱ्यांदा नळी पाठवायची म्हणतोय. तसा तो म्हणालाही, दर तीन महिन्यांचं पॅकेज आहे म्हणून. शेटनी घरी ते उडवून लावलं होतं. मी त्याला नीट बघितलं. गेल्या खेपेपेक्षा वजन उतरलेलं, आणि बोलता बोलता आमच्या कूलरमधलं पाणी दोन ग्लास प्यायला. म्हटलं, आलाच आहेस तर तुझी साखर बघू, उपाशी आहेस ना? १६८ निघाली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ८.१ टक्के. वय पस्तिशीच्या आतबाहेर. वाचून बसलेला माणूस. बापाच्या रक्तातल्या दोन पेशींचा हिशेब पाठ आणि स्वतःची साखर कधी बघितलेली नाही. त्याला मी तिथूनच पलीकडच्या डॉक्टरांकडे पाठवला आणि संध्याकाळच्या जेवणापासून त्याची गोळी सुरू झाली.